लुई आर्मस्ट्राँग : १९३५ नंतरचा ट्रम्पेट ओठांमुळे बदलला की त्याने बदलला?

पितळी सूर
अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगवर लिहिताना बहुतेक जण मधोमध एक रेघ ओढतात. रेघेच्या अलीकडे १९२५ ते १९२८ मधला शिकागोतला हॉट फाइव्ह-हॉट सेव्हन या त्याच्या छोट्या संचांचा काळ, ज्यात बोटं सुसाट आणि कल्पना अचाट. पलीकडे मोठा ऑर्केस्ट्रा, गाणी, रुमाल आणि हसरा चेहरा. कारण काय, तर 'ओठ गेले'. विषय संपला.

मला हे अर्धंच पटतं. १९३३ च्या शेवटी लंडनमध्ये त्याचा ओठ फुटला आणि १९३४ चे कित्येक महिने त्याला पॅरिसमध्ये स्वस्थ बसावं लागलं, यात वाद नाही. पण जानेवारी १९३५ मध्ये अमेरिकेला परतल्यावर त्याने जे वाजवलं त्याला निव्वळ नाइलाज म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कमी सुरांत जास्त बोलायचं, हे त्याने ठरवून केलं असं माझं मत आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात: जन्म ४ ऑगस्ट १९०१, न्यू ऑर्लिन्स. नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल झाडलं म्हणून १९१३ च्या सुरुवातीला मुलांच्या सुधारगृहात रवानगी, आणि तिथल्या बँडमध्ये हातात कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ. १९२२ मध्ये शिकागोला किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये, १९२४ मध्ये न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये, १९२५ मध्ये पुन्हा शिकागो. १९३५ पासून जो ग्लेझर मॅनेजर. १९४७ मध्ये ऑल स्टार्स हा छोटा संच. ६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कमधल्या कोरोनाच्या घरी मृत्यू.

वाद्याची माहिती असलेल्यांनी ओठांना नेमकं काय होतं ते सांगावं. रेकॉर्डी कोळून प्यायलेल्यांनी पुरावे द्यावेत.

खर्जातला
चांगला विषय. आधी वाद्याबद्दल लिहितो, कारण 'ओठ गेले' म्हणजे काय हे त्याशिवाय कळणार नाही.

बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली तर साधारण १.४८ मीटर भरते. तीन व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, ही नळी लांबवण्यापलीकडे काही करत नाहीत. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. बाकी सगळा कारभार ओठांचा. एकही व्हॉल्व्ह न दाबता मधला सी, त्यावरचा जी, मग सी, ई, जी, थोडा उतरलेला बी-फ्लॅट आणि मग हाय सी असे सूर निघतात. खाली या सुरांमध्ये ऐसपैस जागा असते, वर जावं तसे ते एकमेकांना खेटून बसतात. त्यामुळे वर ओठांचा ताण जरा इकडेतिकडे झाला की शेजारचाच सूर लागतो.

या ट्रम्पेटसाठी कागदावर लिहिलेला सूर प्रत्यक्षात एका स्वराने खाली वाजतो, म्हणून लिहिलेला हाय सी कानाला बी-फ्लॅट ऐकू येतो, ९३२ हर्ट्झ. म्हणजे ओठांची सेकंदाला ९३२ वेळा उघडझाप. तिथे पोचायचे दोन मार्ग आहेत. पहिला: तोंडाचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल, जीभ मागून किंचित वर, पोटातून वेगवान हवा. दुसरा: डाव्या हाताने ट्रम्पेट तोंडावर दाबायचा. दुसऱ्या मार्गाने सूर ताबडतोब मिळतो म्हणून तोच अंगवळणी पडतो. पण ओठ दात आणि माउथपीसची (ओठांना टेकणाऱ्या वाटीसारख्या भागाची) कड यांच्यामध्ये चेंगरतो. रक्त थांबतं, ओठ बधिर होतो, मग सुजतो. सुजलेला ओठ नीट थरथरत नाही, म्हणून वादक आणखी दाबतो. रात्रीच्या शेवटच्या तासात बहुतेक दुखापती होतात त्या अशा.

आर्मस्ट्राँगच्या बाबतीत भर म्हणजे माउथपीसची कड वरच्या ओठाच्या लाल भागावर टेकायची. तिथली त्वचा पातळ आणि मऊ, कड तिच्यात रुतते. त्याच जागी जखम, त्यावर खपली, त्यावर पुन्हा कड, असं वर्षानुवर्षं चाललं की तिथे घट्ट व्रण तयार होतो. व्रणाला लवचीकता नसते. मग हलक्या आवाजात सूर सुरूच होत नाही, आधी नुसती हवा जाते आणि सूर मागाहून बोलतो.

सारिका_ब्लूज
सुरेख समजावलंत. पण एवढे वरचे सूर वाजवायची गरजच काय होती? हॉट फाइव्हमध्ये तर तो मधल्या पट्टीत रमलेला असतो.

ओकेह ७८
सारिका, कारण प्रेक्षागृहं. हॉट फाइव्ह हा फक्त रेकॉर्डिंगपुरता जमलेला संच होता, रोज रात्री वाजवणारा बँड नव्हे. १९३० च्या आसपास आर्मस्ट्राँग मोठ्या थिएटरांत एकटा तारा म्हणून उभा राहू लागला. दिवसाला अनेक खेळ असायचे आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी ओळीने शंभराहून जास्त हाय सी वाजवून वरच्या एफवर संपवायचं. लोक मोठ्याने मोजायचे. तो एफ कानाला ई-फ्लॅट, म्हणजे १२४४ हर्ट्झच्या वर. खर्जातला यांनी सांगितलेलं दुष्टचक्र रोज सुरू करायची ही पक्की सोय.

हॉट फाइव्हही अगदी सोपं नाही. २८ जून १९२८ चा 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. सुरुवातीचा एकट्या ट्रम्पेटचा तुकडा जेमतेम बारा-तेरा सेकंदांचा आहे. आधी चार ठाम, सुटे सूर, मग शिडी चढत ट्रम्पेटच्या हाय सीच्याही वर एक स्वर, आणि तिथून वळणं घेत खाली. शेवटच्या भागात तो हाय सी जवळजवळ चार बार (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) धरून ठेवतो. संथ लयीत. धरलेला सूर पातळ होत नाही, उलट शेवटाकडे किंचित थरथर वाढवत नेतो आणि मग उतरतो. हे दाबून जमत नाही. त्या दिवशी ओठ आणि हवा दोन्ही ठणठणीत होते.

अनवट
धागाकर्त्यांशी असहमत. कलाकाराने 'ठरवून साधेपणा स्वीकारला' हे आपण नेहमी मागाहून चिकटवतो. १९२७ च्या 'पोटॅटो हेड ब्लूज'मध्ये बँड दर दोन बारांच्या पहिल्या ठोक्यावर फक्त एक धक्का देतो, मधली सगळी पोकळी आर्मस्ट्राँगने एकट्याने भरायची. तिथली वाक्यं कशी वळतात बघा. कुठल्याही ठोक्यावर सुरू होतात, बाराची रेघ ओलांडून जातात, आणि तरी पुढच्या धक्क्याशी बरोब्बर गाठ पडते. १९३५ नंतर असा सलग धोका पत्करलेला एकल भाग दाखवा. मला तरी वरचा सूर, विराम, वरचा सूर असंच ऐकू येतं. ज्याचा ओठ दोन ओळींनंतर थकतो त्याने काढलेली ती वाट आहे. त्यात कमीपणा नाही, पण तिला निवड म्हणू नका.

पितळी सूर
अनवट, आव्हान मान्य. १२ जानेवारी १९३८ ला डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने 'स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू' पुन्हा रेकॉर्ड केलं. तेच गाणं त्याने हॉट फाइव्हबरोबर डिसेंबर १९२७ मध्ये वाजवलं होतं, म्हणजे तुलनेला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. १९३८ चा एकल भाग जास्त लांब आहे, जास्त उंच आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका दमात उभारलेला आहे. १९२७ मध्ये तो तुकड्यांनी बोलतो, इथे परिच्छेद बोलतो. थकलेल्या ओठाला हे झेपत नाही.

ओकेह ७८
त्यात मे १९३६ चं 'स्विंग दॅट म्युझिक' घाला. लय इतकी जलद आणि शेवटी ओळीने चाळीसच्या आसपास वरचे सूर. परतल्यावर दीड वर्षही झालं नव्हतं.

अनवट
'स्विंग दॅट म्युझिक' हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. ओठ फुटला त्याच सवयीने तो पुन्हा वाजवतोय. शहाणपण आलेला माणूस असं करत नाही. १९३८ चा मुद्दा मात्र पटला, तो पुन्हा नीट ऐकतो.

दंतकथा
थोडं अवांतर, पण ओठांइतकेच दात महत्त्वाचे. माउथपीसला आधार समोरच्या दातांचा. दात हलला की कडेचा कोन बदलतो आणि वर्षानुवर्षं बसवलेली तोंडाची ठेवण एका रात्रीत निरुपयोगी होते.

आर्मस्ट्राँगचा गुरू किंग ऑलिव्हर याच कारणाने संपला. हिरड्यांच्या आजाराने दात गेले, वाजवणं सुटत गेलं, आणि १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हानामध्ये तो वारला तेव्हा झाडलोटीच्या कामावर पोट भरत होता. ज्याने आर्मस्ट्राँगला शिकागोला बोलावून घेतलं त्याची ही अखेर वाचवत नाही.

उलट उदाहरण न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पिढीतला ट्रम्पेटवादक बंक जॉन्सनचं. १९३१ मध्ये लुइझियानात एका नाचाच्या कार्यक्रमात बँडप्रमुखाचा खून झाला आणि त्या गदारोळात बंकचा ट्रम्पेट मोडला. दातही गेले. तो शेतावर मजुरी करू लागला. पुढे जॅझच्या अभ्यासकांनी त्याला शोधून काढलं, त्याच्यासाठी ट्रम्पेट आणला आणि कवळी करून दिली. कवळी बनवणारा दंतवैद्य लेनर्ड बेशे, म्हणजे क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाल्या सिडनी बेशेचा भाऊ! १९४२ मध्ये बंकच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या.

सारिका_ब्लूज
दंतवैद्यही न्यू ऑर्लिन्सच्या वादक घराण्यातलाच, मजा आहे. पण बंक म्हणायचा की आर्मस्ट्राँगला मीच शिकवलं. ते खरं का?

दंतकथा
नाही. आर्मस्ट्राँगने सुरुवातीला म्हाताऱ्याचा मान राखून ते चालू दिलं, नंतर स्पष्ट सांगितलं की श्रेय ऑलिव्हरचं. दोघांच्या रेकॉर्डी ऐकल्या तरी कळतं. बंक ठोक्याच्या पुढे सरकत राहतो, आर्मस्ट्राँग ठोक्याच्या मागे रेलून बसतो.

घुमट
गाल फुगवणाऱ्या ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचं काय? तेही चुकीचंच ना? आणि त्याच्या ट्रम्पेटची वर वळलेली बेल (पुढचं रुंद तोंड) ओठ वाचवायला होती असं ऐकलंय.

खर्जातला
बेलचा ओठांशी संबंध नाही. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये त्याच्या स्टँडवरच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि बेल वर वाकली. वाजवून बघितल्यावर स्वतःचा आवाज कानाला लवकर येतोय हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून पुढे त्याने मुद्दाम ४५ अंशांत वळवलेली बेल बनवून घेतली. आणखी एक फायदा असा की कागद बघताना मान खाली गेली तरी बेल लोकांच्या दिशेने राहते.

गालांचं असं आहे की ते फुगले तर बहुतेकांचे तोंडाचे कोपरे सुटतात आणि सूर ढासळतो. डिझीचे कोपरे सुटत नसत. शिकणाऱ्याने नक्कल करू नये एवढंच.

मध्यम
मूळ प्रश्नाकडे येऊ या. 'ओठ फुटला' या दोन शब्दांत दोन वेगळ्या दुखापती मिसळल्या जातात, त्यामुळे वाद संपत नाही.

एक, त्वचेची जखम. कापली जाते, रक्त येतं, विश्रांतीने भरून येते, व्रण मागे राहतो. दोन, तोंडाभोवतीच्या गोल स्नायूचे तंतू तुटणं. यात वरून फारसं दिसत नाही, पण कोपरे घट्ट धरायची ताकद जाते आणि कितीही विश्रांती घेतली तरी पूर्वीची पट्टी परत येत नाही. १९८२ मध्ये हाइमे प्लानास या शल्यविशारदाने दुसऱ्या दुखापतीचं वर्णन केलं आणि तिला 'सॅचमो सिंड्रोम' नाव दिलं. नाव आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून असलं तरी ते त्याची तपासणी करून दिलेलं निदान नव्हे. तो ११ वर्षांपूर्वीच वारला होता.

१९३६ आणि १९३८ च्या ज्या रेकॉर्डी वर आल्यात त्या ऐकता त्याचा स्नायू शाबूत असावा, त्रास मुख्यतः त्वचेचा आणि व्रणाचा असावा असं मला वाटतं. तुलनेसाठी ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्ड बघा. १९९२ मध्ये त्याचा वरचा ओठ फुटला, तो तसाच वाजवत राहिला, जखमेत संसर्ग झाला. नंतर तो परतला, पण पूर्वीची झेप आली नाही. तो २००८ पर्यंत जगला, पण शेवटपर्यंत ऐकणाऱ्यांना फरक लगेच कळायचा. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत तसं झालेलं नाही.

सारिका_ब्लूज
मग व्रण असलेल्या ओठाने वाजवायचं कसं? रोज काय करावं लागतं?

खर्जातला
ट्रम्पेटवाले जे करतात तेच, पण न चुकता. आधी माउथपीसशिवाय नुसते ओठ घोड्यासारखे फुरफुरवायचे, म्हणजे रक्त खेळतं. मग दोन-तीन मिनिटं फक्त माउथपीसवर हलका गुणगुणाट. मग वाद्यावर मधल्या जीपासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली, लांब आणि हलके सूर. वरच्या पट्टीला पंधरा मिनिटं तरी हात लावायचा नाही. जेवढा वेळ वाजवलं तेवढीच विश्रांती. शेवटी पुन्हा अगदी खालचे सूर, सूज उतरायला मदत होते. सूर हलक्या आवाजात ताबडतोब बोलतोय का, ही रोजची परीक्षा. बोलत नसेल तर त्या दिवशी वरचे सूर बंद. जोर लावून ते झाकता येतं, आणि झाकलं की जखम ठरलेली.

ओठ कोरडा पडला की कड जास्त ओढते, म्हणून मलम. मानहाइमच्या फ्रान्झ शुरिट्झने बनवलेलं ओठांचं मलम आर्मस्ट्राँगला इतकं मानवलं की पुढे ते त्याच्याच नावाने डबीत विकलं जायचं.

माउथपीसबद्दलही लिहायला हवं. रुंद, गोलसर कड दाब पसरवते, पण ओठाची चपळाई कमी करते. अरुंद आणि धारदार कड सूर स्वच्छ सुरू करते, पण रुतते. माउथपीसची वाटी, म्हणजे कप, उथळ असला तर वरचे सूर सोपे होतात, मधल्या पट्टीतला भरदारपणा जातो. आर्मस्ट्राँगचा आवाज हाय सीवरही जाड राहतो. म्हणजे उथळ कपाची पळवाट त्याने घेतलेली नाही, किंमत ओठाने चुकवली.

ओकेह ७८
आता माझं मत. बदल १९३५ मध्ये झालाच नाही, आधीच सुरू झाला होता. एप्रिल १९३३ चं 'लाफिन लुई' ऐका, लंडनच्या प्रसंगाच्या काही महिने आधीचं. अर्धी रेकॉर्ड हसण्याखिदळण्यात जाते. मग बँड थांबतो आणि तो एकटाच एक जुनी, मूकपटांच्या वेळची चाल वाजवतो. बोटांची करामत नाही. प्रत्येक सूर वेगळ्या वजनाने ठेवलेला, आणि वर जाताना घाई नाही. १९३४ च्या अखेरीस पॅरिसला रेकॉर्ड केलेलं दोन बाजूंचं 'ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' हे त्याचं पुढचं पाऊल. चाल जवळजवळ तशीच ठेवतो, फक्त सूर कुठे पडायचा ते बदलतो. ओठ बरा असताना तो ज्या दिशेने निघाला होता तिकडेच दुखापतीने त्याला ढकललं.

अनवट
'लाफिन लुई'चा मुद्दा बिनतोड आहे. दुखापतीआधीच तो असं वाजवत असेल तर माझा अर्धा दावा पडतो. उरलेला अर्धा सोडत नाही: १९२७ सारखी लयीशी झोंबाझोंबी पुन्हा आली नाही.

मध्यम
ती झोंबाझोंबी करायला समोर कोण होतं तेही बघा. 'पोटॅटो हेड'मध्ये सात जण. १९३५ नंतर मागे लुई रसेलचा मोठा ऑर्केस्ट्रा, लिहिलेले भाग, त्या पितळी भिंतीच्या वर ऐकू जायचं तर लांब आणि उंच सूरच हवेत. १७ मे १९४७ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तो पुन्हा छोट्या संचाबरोबर वाजला आणि त्यातून ऑल स्टार्स उभे राहिले. ती रचना ओठांच्या दृष्टीने फार हुशारीची होती. आर्मस्ट्राँग एक गाणं वाजवणार आणि गाणार. मग जॅक टीगार्डनच्या ट्रॉम्बोनचं, मग बार्नी बिगार्डच्या क्लॅरिनेटचं, मग सिड कॅटलेटच्या ड्रम्सचं, मग गायिका वेल्मा मिडलटनचं. गातानाही ओठ विश्रांतीच घेत असतात. 'नुसता गायक झाला' म्हणून त्याला बोल लावणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. वर्षातले बहुतेक दिवस फिरतीवर असलेला माणूस सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत वाजवत राहिला.

घुमट
नुसता गायक म्हणून बोल लावले तरी मे १९६४ मध्ये ६२ व्या वर्षी त्याने बीटल्सना अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं, 'हॅलो, डॉली!'ने. त्यात ट्रम्पेटही आहे बरं का.

पितळी सूर
सगळ्यांचे आभार. शीर्षकात १९३५ लिहिलंय, ओकेह यांच्या पुराव्यानंतर ते १९३३ असायला हवं.

अनवट, उरलेल्या अर्ध्यासाठी जुलै १९५४ चं शिकागोतलं रेकॉर्डिंग सुचवतो, ब्लूजचा संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीच्या गाण्यांचं. जॉर्ज अवाकियानने कोलंबियासाठी केलेलं. 'सेंट लुई ब्लूज' जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे. जुन्या ७८ आरपीएम तबकडीची तीन मिनिटांची मर्यादा सुटल्यावर तो काय करतो ते ऐका. हेडफोन लावा आणि फक्त ट्रम्पेट पकडून ठेवा. ट्रमी यंगचा ट्रॉम्बोन खालून रेटत असतो, शेवटच्या कोरसमध्ये (चालीच्या शेवटच्या पूर्ण फेऱ्यात) आर्मस्ट्राँग त्याच्यावर स्वार होतो आणि ठोक्याच्या मागे राहूनही कधी मागे पडत नाही. वय ५२, ओठावर वीस वर्षांचा व्रण.

अनवट
ऐकलं, दोनदा. झोंबाझोंबी आहे. १९२७ सारखी नाही, पण आहे. शेवटच्या कोरसमध्ये एक सूर तो मुद्दाम उशिरा टाकतो आणि तिथे ड्रम्सला त्याच्यासाठी थांबल्यासारखं वाटतं. १९६० नंतरचं काही ऐकण्यासारखं आहे का, की ते सोडून द्यावं?

ओकेह ७८
सोडू नका. १९५९ मध्ये इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर, एप्रिल १९६१ मध्ये तो ड्यूक एलिंग्टनबरोबर दोन दिवस स्टुडिओत बसला. ऑल स्टार्सचा संच, पियानोवर स्वतः एलिंग्टन, सगळी गाणी एलिंग्टनची. ऑल स्टार्सच्या रोजच्या वळणाबाहेरचे कॉर्ड्स आहेत, त्यामुळे ठरलेली वाक्यं फारशी चालत नाहीत आणि तो खरोखर शोधत वाजवतो. सुरुवात 'ड्यूक्स प्लेस'ने करा, मग 'आय गॉट इट बॅड'. दुसऱ्यात वरच्या सुरांच्या सुरुवाती ऐका, हलक्या आवाजातल्या. खर्जातला यांनी सांगितलेली रोजची परीक्षा तिथे चालू आहे, आणि सूर बोलतायत.